जाहिरातीतली नथ काढून बघा: चित्रं वाचण्याची एक पद्धत

गुढीपाडव्याच्या दिवशीचं कुठलंही मराठी वर्तमानपत्र घ्या. सराफांच्या, बिल्डरांच्या, गाडीविक्रेत्यांच्या पानभर जाहिराती असतात आणि त्यांतल्या कितीतरी जाहिरातींत एकच बाई वेगवेगळ्या चेहऱ्यांनी उभी असते. नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर, हातात हिरवा चुडा, मागे वाड्याचे लाकडी खांब. ती मराठी आहे असं पानावर कुठेही लिहिलेलं नसतं, तरी नजर पडताक्षणी ते कळतं. कशावरून कळतं? त्या खुणा कुणी निवडल्या? त्या ऐवजी दुसऱ्या का नाही निवडल्या? असे प्रश्न शिस्तीने विचारण्याच्या शास्त्राला चिन्हमीमांसा म्हणतात. डिझाइन शिकणाऱ्यांना, जाहिरात संस्थेत नुकतंच काम सुरू केलेल्यांना, माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांना आणि स्वतःच्या छोट्या व्यवसायाचा लोगो करून घेणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. कागद, पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरते.

या पद्धतीतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. चित्रातल्या वस्तूचा अर्थ तिच्या एकटीत नसतो. त्या जागी आणखी काय येऊ शकलं असतं आणि आलं नाही, यावर तो ठरतो.

कामापुरती पार्श्वभूमी

स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर १९१३ साली वारला. त्याच्या जिनिव्हातल्या व्याख्यानांचं पुस्तक शिष्यांनी १९१६ मध्ये काढलं. चिन्हाला दोन बाजू असतात, असं त्याने मांडलं: डोळ्याला किंवा कानाला मिळतो तो चिन्हक आणि मनात उमटतो तो चिन्हित. या दोघांची गाठ निसर्गाने बांधलेली नसते, समाजाने बांधलेली असते. आणि चिन्हाला किंमत मिळते ती शेजारच्या चिन्हापासूनच्या वेगळेपणातून.

बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघा. चौकटीतला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. हिरव्या रंगात स्वतःहून असं काही नाही. दुसऱ्या पुड्यावर तपकिरी खूण असते म्हणून हिरव्याला तो अर्थ मिळतो. पूर्वी दोन्ही खुणा गोलच होत्या, फरक फक्त रंगाचा. रंगांधळ्या माणसाला तो फरक दिसायचाच नाही, म्हणजे त्याच्यापुरतं ते चिन्हच मोडलेलं होतं. २०२० च्या लेबलांच्या नियमांत मांसाहारी खुणेचा गोल जाऊन त्रिकोण आला. सोस्यूरची सगळी शिकवण त्या एवढ्याशा बदलात दिसते.

दुसरा माणूस अमेरिकेतला, चार्ल्स सँडर्स पर्स. त्याच्याकडून आपण चिन्हांचे तीन प्रकार घेणार आहोत, ते पुढे येतील. तिसरा फ्रान्सचा रोलाँ बार्थ. त्याने १९६४ मध्ये पान्झानी नावाच्या कंपनीची एक जाहिरात घेऊन तिचा असा कीस काढला की आजही अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतो. जाहिरातीत जाळीची पिशवी आहे, तिच्यातून पास्त्याची पाकिटं, डबा, टोमॅटो, कांदे, ढोबळी मिरच्या, अळंबी बाहेर डोकावताहेत. पिवळा आणि हिरवा रंग, मागे लाल. बार्थ म्हणाला, यातून ताजेपणा कळतो, नुकतंच बाजारातून आल्याचं कळतं आणि मुख्य म्हणजे 'इटलीपण' कळतं. पान्झानी ही फ्रेंच कंपनी. तिने दाखवलेली इटली ही फ्रेंच माणसाच्या डोक्यातली इटली आहे. रोज तेच खाणाऱ्या इटालियन माणसाला टोमॅटो आणि मिरची यांत इटलीपण जाणवणार नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. पाडव्याच्या जाहिरातीतलं 'मराठीपण' तपासताना हे वाक्य जवळ ठेवा.

पायरी १: चित्र जिथे होतं तिथूनच उचला

इंटरनेटवर सापडलेली स्वच्छ प्रत घेऊ नका. वर्तमानपत्रातली जाहिरात असेल तर पूर्ण पान ठेवा. होर्डिंग असेल तर शेजारच्या दुकानांसकट फोटो काढा. पुडा असेल तर चारही बाजू घ्या. कागदाच्या कोपऱ्यात तारीख, गाव, भाषा आणि माध्यम लिहा.

पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. एखादी कंपनी त्या दिवशी मराठी वर्तमानपत्रात गुढी दाखवते आणि कन्नड किंवा तेलुगू वर्तमानपत्रात दुसरं काही. दोन्ही पानं मिळवता आली तर शेजारी ठेवा. जे बदललं तो प्रदेशाचा संकेत, जे तसंच राहिलं तो ब्रँडचा. नवख्याने पहिला अभ्यास असाच करावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण तुमचं अर्धं काम कंपनीनेच करून ठेवलेलं असतं.

पायरी २: फक्त दिसतं ते लिहा

ही पायरी सोपी वाटते आणि इथेच सर्वांत जास्त घसरायला होतं. 'सुखी कुटुंब' असं लिहिलंत की तुम्ही अर्थ लावून मोकळे झालात. दिसतं काय? चार माणसं. दोन मोठी, दोन लहान. मोठ्यांत एक पुरुष, एक बाई. तिघांचे दात दिसताहेत. पुरुष उभा, बाई बसलेली. लहान मुलगा पुढे, मुलगी मागे. प्रकाश डावीकडून. जमीन गुळगुळीत, तिच्यात पायांचं प्रतिबिंब. भिंतीवर घड्याळ नाही.

विशेषणं टाळा. 'सुंदर', 'पारंपरिक', 'आधुनिक', 'प्रीमियम' हे शब्द या पानावर आले तर खोडा. त्यांची पाळी नंतर येणार आहे. यादी पंचवीस-तीस नोंदींची होईपर्यंत थांबू नका. पहिल्या दहा नोंदी कुणालाही सुचतात. विश्लेषणाला उपयोगी पडणारी नोंद बहुधा त्यानंतर येते, जसं वरच्या यादीत कोण बसलंय आणि कोण उभं आहे ते.

शाळेच्या व्याकरणात शब्दशक्ती शिकल्या असाल तर ही अभिधेची, म्हणजे सरळ अर्थाची पायरी समजा. व्यंजना, म्हणजे सुचवलेला अर्थ, पुढे येईल. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाने काव्यातल्या ध्वनीची, म्हणजे सुचवलेल्या अर्थाची, मांडणी केली, तेव्हा ध्वन्यर्थ पोचायला वाचणारा सहृदय लागतो, म्हणजे त्या परंपरेत तयार झालेला लागतो, हेही त्या विचारात होतं. जाहिरातीलाही तयार वाचक लागतो. तो कोण, हे शोधणं आपल्या कामाचा मोठा भाग आहे.

पायरी ३: तीन रंगांच्या पेन्सिली

आता यादीतल्या प्रत्येक नोंदीवर पर्सचे तीन प्रकार लावा, प्रत्येक प्रकाराला एक रंग. वस्तूसारखं दिसून जे तिच्याकडे नेतं ते प्रतिमाचिन्ह: आंब्याचं चित्र म्हणजे आंबा. वस्तूशी प्रत्यक्ष संबंधाने जे तिच्याकडे बोट दाखवतं ते निर्देशचिन्ह: धूर दिसला म्हणजे आग, ओल्या मातीत ठसा म्हणजे कुणीतरी गेलं. आणि निव्वळ ठरलेल्या रीतीने चालतं ते संकेतचिन्ह: अक्षरं, शाकाहारी ठिपका, ध्वजाचे रंग. एकाच वस्तूवर दोन किंवा तिन्ही रंग पडू शकतात आणि तसं झालं की तिथे थांबून बघा.

आयुर्विमा महामंडळाचं, म्हणजे एलआयसीचं बोधचिन्ह घेऊ. दोन हात, मध्ये दिव्याची ज्योत, खाली 'योगक्षेमं वहाम्यहम्', म्हणजे तुमचा योगक्षेम मी वाहतो. हातांचं चित्र हे प्रतिमाचिन्ह. ज्योत म्हणजे जीव हा संकेत. मराठीत माणूस गेला की 'प्राणज्योत मालवली' म्हणतात, त्यामुळे तो शिकवावा लागत नाही. या दोन गोष्टी कुणीही सांगेल. तिसरी हातांच्या आकारात आहे. तळवे ज्योतीभोवती वळलेले आहेत. तुळशीपुढे दिवा नेताना हात असा वळतो तो वारा असतो म्हणून. चित्रात वारा नाही, पण हातांचं वळण त्याच्याकडे बोट दाखवतं. हे निर्देशचिन्ह आहे, आणि विम्याचा सगळा व्यवहार त्या न काढलेल्या वाऱ्यावर चालतो. मृत्यू, अपघात, आजार यांतलं काहीही न दाखवता धोका सांगून झाला. भारतीय बोधचिन्हांमध्ये इतकं नेमकं काम मला फार थोड्या ठिकाणी दिसतं.

पायरी ४: अर्थ लिहा, आणि प्रत्येकासमोर 'कशावरून?' आणि 'कुणाला?'

आता व्यंजना. कागदाचे तीन रकाने करा: चित्रातली वस्तू, तिच्यातून सुचणारा अर्थ, तो अर्थ कुणाला सुचेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका.

रंगाच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्या. लाल म्हणजे उत्साह, निळा म्हणजे विश्वास, पांढरा म्हणजे शुद्धता असे तक्ते सर्रास फिरतात. ते बाजूला ठेवा. महाराष्ट्रात कुंकवाचा लाल सवाष्णीचा. पण याच महाराष्ट्रात ब्राह्मण घरांतल्या केशवपन झालेल्या विधवांना नेसावं लागे ते आलवणही लालच होतं. पांढऱ्याचं बघा. वारकऱ्याचं धोतर-सदरा पांढरा, पुढाऱ्याची खादी पांढरी, कित्येक हिंदू घरांत लग्नात पांढरी साडी चालत नाही, आणि बौद्ध लग्नांत वधू पांढरी साडी नेसते. दागिन्यांच्या जाहिरातीत वधूला लाल-हिरव्यातच दाखवायचं ठरतं, तेव्हा महाराष्ट्रातल्या फार मोठ्या समाजाची वधू त्या पानावरून वगळली जाते. ज्याने पान केलं त्याच्या मनात कदाचित असं काही नसेल. तरी पानावर ते झालेलं असतं आणि आपल्या तिसऱ्या रकान्यात ते यायलाच हवं.

निळ्याचंही तसंच. बँकेच्या पाटीवरचा निळा आणि चौदा एप्रिलच्या कमानीवरचा निळा एकमेकांच्या जवळच्या छटा असू शकतात, पण नागपुरात किंवा चेंबुरात कुणीही त्यांची गल्लत करत नाही. शेजारी काय आहे, तारीख कोणती, अक्षरं कोणती यांवरून अर्थ ठरतो. पहिल्या पायरीला आजूबाजूसकट फोटो मागितला तो यासाठी.

पायरी ५: अदलाबदल

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. चित्रातली एक, फक्त एकच, वस्तू बदला आणि बाकी सगळं तसंच ठेवा. मनातल्या मनात करा, नाहीतर कागदाचा तुकडा चिकटवून करा. अर्थ बदलला तर ती वस्तू काम करत होती. नाही बदलला तर ती सजावट होती. याला अदलाबदलीची चाचणी म्हणतात आणि ती भाषाशास्त्रातून आली आहे. 'काळ' मधला 'क' काढून 'ब' घातला की 'बाळ' होतं, म्हणजे मराठीत क आणि ब हे वेगळे ध्वनी ठरले. चित्रालाही तोच न्याय.

निरमाचा पुडा बहुतेकांना डोळ्यांपुढे आणता येईल. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सुरू केलेली पिवळी पावडर, आणि पुड्यावर गिरकी घेणारी, पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी. फ्रॉक पिवळा करा. मुलगी गोड राहील, पण पावडर धुते याचा पुरावा गेला. म्हणजे तो पांढरा रंग निर्देशचिन्ह होता, धुतल्याचा माग होता. आता फ्रॉक पांढरा ठेवून गिरकी थांबवा. मुलगी सरळ उभी. स्वच्छता राहिली, पण शाळेच्या गणवेशातली राहिली. आनंद गेला आणि घेर गेल्यामुळे दाखवण्यासारखं कापडही कमी झालं. आता मुलीच्या जागी तिची आई ठेवा. एकदम कष्ट दिसू लागतात. कपडे कोण धुतं हा प्रश्न पुड्यावर येतो. मुलगी होती तोवर तो प्रश्नच नव्हता, कारण ती फक्त धुतलेले कपडे घालते. पुड्यावरून काय हटवलं गेलंय हे या तिसऱ्या बदलाने उघडं पडतं.

गंमत अशी की ऐंशीच्या दशकात सर्फने टीव्हीवर उत्तर दिलं ते नेमकं ती जागा भरून. कविता चौधरींनी केलेली ललिताजी ही पैशापैशाचा हिशेब करणारी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई होती. मुलीच्या जागी बाई आली आणि पावडरीची जाहिरात आनंदावरून समजूतदारपणावर गेली. बाजारात खरोखर झालेली अशी अदलाबदल सापडली की तुमच्या तर्काला आधार मिळतो.

आता पाडव्याच्या पानावर या. नथ काढा. बाई अजूनही भारतीय, सणाच्या तयारीतली, पण ती कर्नाटकातली असू शकेल, आंध्रातली असू शकेल. म्हणजे मराठीपणाचा बराच भार एकट्या नथीवर होता. नथ परत ठेवा आणि चंद्रकोर काढून गोल टिकली लावा. फारसं बिघडत नाही. थोडा इतिहास गेला, पेशवाईचा आणि शिवकालाचा जो रंग येत होता तो फिका झाला. टिकलीच काढून टाका. आता काहींना ती शहरी वाटेल, काहींना ख्रिस्ती, काहींना विधवा. इतके वेगवेगळे वाचक एका वस्तूने वेगळे होतात, म्हणजे ती वस्तू फार जड आहे. वाड्याचे खांब काढून फ्लॅटची बाल्कनी आणा. बाई वर्तमानकाळात येते आणि जाहिरात सराफाची होती ती गृहकर्जाची वाटू लागते.

शेवटचा बदल नऊवारीचा. नऊवारी ठेवा, पण नेसण्याची पद्धत बदला. घोट्यापर्यंत सोडलेल्या, निऱ्या खुलवलेल्या नेसणीऐवजी गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, भाताच्या लावणीला उतरलेल्या बाईचं किंवा मासळीची पाटी उचलणाऱ्या कोळणीचं. कापड तेच, लांबी तीच, मराठीपण तर उलट वाढलं. पण जाहिरात मोडली. यावरून कळतं की पानावर मराठीपणासोबत एका विशिष्ट घरातली, हाताला काम नसलेल्या वर्गातली बाई विकली जात होती. नथ-नऊवारीची यादी करून हे कधीच सापडलं नसतं. कोळणीच्या अंगावर भरपूर सोनं असतं हे लक्षात घेतलं तर हा निष्कर्ष आणखी बोचरा होतो: वगळण्याचं कारण सोन्याचा अभाव हे नक्कीच नव्हतं.

गुढीचंही एक सांगतो. जाहिरातीतल्या गुढीला तांब्या असतो, जरीचं वस्त्र असतं, झेंडू असतो, साखरगाठी असते, कडुनिंबाची डहाळी असते. पण कडुनिंब चावणारं तोंड मला जाहिरातीत आढळलेलं नाही. सणाचा कडू अर्धा भाग पानांच्या हिरव्या रंगापुरता उरतो.

पायरी ६: शब्द झाका, मग उघडा

चित्राला अनेक अर्थ असतात. शब्द त्यांतल्या एकावर नांगर टाकतात. नांगर हे रूपक बार्थचंच. ओळ हाताने झाकून चित्र पाच जणांना दाखवा, काय वाटतं ते लिहून घ्या. मग ओळ उघडा. किती अर्थ गळाले? एलआयसीच्या हातांखालची ओळ झाकली तर ते चिन्ह धर्मादाय दवाखान्याचं किंवा वीज वाचवण्याच्या मोहिमेचंही असू शकतं. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या त्या शब्दांनी एक वचन आलं, आणि ते देवाच्या तोंडचं वचन आहे. सरकारी महामंडळाने स्वतःला कुठे बसवलं ते बघा.

अक्षरांचा आकारही वाचा. देवनागरीचं वळण हाती लिहिल्यासारखं आहे, मोडीची आठवण देणारं आहे, की शिरोरेघ कापून रोमन अक्षरांच्या जवळ नेलंय? मराठी जाहिरातीत ब्रँडचं नाव रोमनमध्ये ठेवून फक्त शुभेच्छा देवनागरीत दिल्या असतील तर त्यातून कोणती भाषा व्यवहाराची आणि कोणती सणाची ते कळतं. मला हे दरवर्षी खटकतं.

पायरी ७: मांडणी

इथे थोडक्यात. कोण मोठं, कोण पुढे, प्रकाश कुणावर? माणूस वाचकाच्या डोळ्यांत बघतो तेव्हा काही मागतो. दुसरीकडे बघतो तेव्हा आपण त्याला न्याहाळतो. गुंथर क्रेस आणि थिओ फान लेवन या अभ्यासकांनी डावीकडे आधीच माहीत असलेलं आणि उजवीकडे नवं, वर स्वप्न आणि खाली व्यवहार, अशी मांडणीची रीत दाखवली. किंमत, पत्ता आणि फोन नंबर पानाच्या तळाशी असतात हे तपासून बघा. मात्र डावं-उजवं हे लिपीच्या दिशेवर अवलंबून आहे. उर्दू वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला तो नियम जसाच्या तसा लावू नका.

पायरी ८: शेजारी आणि पूर्वज

एका जाहिरातीवरून ब्रँडबद्दल बोलता येत नाही. त्याच प्रकारच्या मालाचे आठ-दहा पुडे एका ओळीत मांडा. जे सगळ्यांत आहे तो त्या मालाचा संकेत: दूध म्हटलं की निळा-पांढरा, मसाला म्हटलं की लाल आणि वाटीतले जिन्नस. जे एकाकडेच आहे तिथे ब्रँड सुरू होतो. झाँ-मारी फ्लोश या फ्रेंच अभ्यासकाने आयबीएम आणि अ‍ॅपल यांचे त्या वेळचे लोगो असे समोरासमोर ठेवले होते. दोन्हींत आडव्या पट्ट्या, बाकी सगळं उलट: एकीकडे अक्षरं, सरळ कडा, एक रंग, दुसरीकडे फळ, वळणं, इंद्रधनुष्य. अ‍ॅपलचं सफरचंद एकटं बघितलं असतं तर त्यातलं आव्हान दिसलं नसतं.

मग काळाच्या दिशेने मागे जा. रंगांच्या डब्यावरचा गट्टू अनेकांना आठवत असेल. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला, कपाळावर केस आलेला, हातात ब्रश आणि डबा घेतलेला खट्याळ पोरगा. २००२ च्या सुमारास कंपनीने त्याला निरोप दिला. त्यानंतरच्या जाहिरातींत डबा आणि ब्रश मागे पडले, घर आणि घरातली माणसं पुढे आली. वस्तू रंगाची राहिली, चिन्ह बदललं. असा पट मांडताना तीन कप्पे करा: ओसरत चाललेल्या खुणा, सध्या चालणाऱ्या आणि नव्याने डोकं वर काढणाऱ्या. ब्रँडसाठी काम करणार असाल तर काम देणाऱ्या कंपनीला या तिसऱ्या कप्प्याचीच सर्वांत जास्त गरज असते. पण तो भरताना एका उदाहरणावर विसंबू नका, वेगवेगळ्या मालांच्या पुड्यांवर तीच खूण दिसू लागली की मगच लिहा.

पायरी ९: चिन्हातून काय गळून गेलं

बार्थने आणखी एक गोष्ट दाखवली. तयार चिन्ह उचलून त्याच्यावर दुसरा अर्थ चढवता येतो आणि तसं करताना मूळ चिन्हाचा इतिहास पातळ होत जातो. याला तो मिथक म्हणतो. आपल्याकडे यासाठी वारलीइतकं स्पष्ट उदाहरण नाही.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघट देवी असते. तो काढायचा मान सवाष्ण बायांचा, आणि तो काढल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. सत्तरच्या दशकापासून जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं कागदावर आणि कॅनव्हासवर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच त्रिकोणी माणसं आणि तारपा या वाद्याभोवतीचा नाच सोसायटीच्या कुंपणावर, कपावर, हॉटेलच्या मेनूवर आहेत. तिथे त्यांचा अर्थ 'गावाकडचं', 'हाताने केलेलं', 'निसर्गाजवळचं' एवढाच. देवी गेली, लग्न गेलं, बाया गेल्या आणि ज्यांची जमीन-जंगलासाठी अजून लढाई चालू आहे ती माणसंही गेली. विश्लेषण करताना अशी गळती नावानिशी नोंदवा. आणि वारली आकृती वापरायचं काम तुमच्याकडे आलं तर ते वारली चित्रकाराला द्या, त्याचं नाव छापा आणि मोबदला आधी ठरवा.

पायरी १०: लिहायचं कसं

अहवाल किंवा निबंध लिहिताना चित्रकाराच्या मनात काय होतं यावर एकही वाक्य खर्च करू नका. 'डिझायनरला दाखवायचं आहे की' ऐवजी 'पानावर असं दिसतं' हा सूर ठेवा. प्रत्येक विधानाला तीन पाय हवेत: चित्रातली वस्तू, तिच्या जागी काय येऊ शकलं असतं, आणि तो अर्थ कोणत्या वाचकाला पोचतो. 'नथीमुळे परंपरा व्यक्त होते' हे वाक्य लंगडं आहे. 'नथ काढली की ही बाई दक्षिणेतल्या कोणत्याही राज्यातली वाटते. त्यामुळे मराठी वाचकाला स्वतःची ओळख पटवण्याचं काम इथे मुख्यतः नथ करते' हे उभं राहतं आणि ते खोटं ठरवायचं असेल तर दुसरा माणूस नथ काढून बघू शकतो.

या पद्धतीने किती माल खपेल ते सांगता येत नाही, आणि कुणी विचारलं तर तसं स्पष्ट सांगा. चित्रात कोणते अर्थ उपलब्ध आहेत एवढंच ती सांगते. लोक त्यांतला कोणता उचलतात हे कळायला लोकांकडेच जावं लागतं. सोलापूरची चादर विणणाऱ्या घरात, पणजीत, नाशिकजवळच्या पाड्यावर, इंदूरच्या मराठी कुटुंबात तेच पान दाखवा. तुमच्या तिसऱ्या रकान्यातल्या काही नोंदी पक्क्या होतील आणि काही खोडाव्या लागतील.

जाहिरात अजून छापायची असेल तर अहवालाच्या शेवटी दोन याद्या द्या. एकीत ज्या वस्तू हलवल्या तर अर्थ मोडतो त्या, दुसरीत ज्या बिनधास्त बदलता येतील त्या. प्रत्येक नोंदीशेजारी चित्राचा तेवढाच तुकडा कापून लावा, म्हणजे बैठकीत चर्चा आवडी-निवडीवर न जाता पानावर बोट ठेवून होईल.